सांगाडा बाहेर, जागा मोकळी : कार्यालयीन इमारतींच्या दीर्घायुष्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

घर, देऊळ, शाळा यांचा उपयोग बहुधा पिढ्यान्‌पिढ्या तोच राहतो. कार्यालयाचे तसे नाही. टंकलेखनयंत्रांच्या रांगा जातात आणि संगणक येतात. साहेबांच्या बंद खोल्या पाडून मोकळे दालन केले जाते, आणि काही वर्षांनी तिथेच पुन्हा पार्टिशने उभी राहतात. ज्या कंपनीने हौसेने इमारत बांधली, ती विकली जाते किंवा बंद पडते. इमारत मात्र उभी असते. हे सारे बदल तिच्या पोटात मावतील की नाही, हे फार मोठ्या प्रमाणात एका गोष्टीवर ठरते : भार वाहणारे खांब आणि तुळया नेमक्या कुठे ठेवल्या आहेत.

ही प्रस्तावना त्या प्रश्नाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकासाठी आहे. तो वास्तुकलेचा किंवा स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल, एखाद्या जुन्या इमारतीच्या सोसायटीचा चिटणीस असेल, किंवा रोज लोकलमधून उतरून एखाद्या उंच इमारतीत कामाला जाणारा आणि तिच्याकडे मान वर करून पाहणारा साधा नागरिक असेल. या विषयात शिरायला आकडेमोडीची मोठी तयारी लागत नाही. लक्षपूर्वक पाहण्याची सवय मात्र लागते, आणि ती लावून देणे हाच या लेखनाचा हेतू आहे.

नेहमीच्या कार्यालयीन इमारतीत खांब आतच असतात, मजल्यावर ठरावीक अंतराने पेरलेले. मध्यभागी लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहे आणि नळ-तारांच्या उभ्या वाटा यांचा गाभा असतो, आणि बाहेरून काचेचे किंवा दगडाचे आवरण. ही मांडणी बांधायला सोयीची आहे आणि जगभर रुळलेली आहे. पण खांबांचे अंतर एकदा ठरले की खोल्यांची मापे, टेबलांच्या ओळी, येण्याजाण्याच्या वाटा यांना पुढची पन्नास वर्षे त्या खांबांशी जुळवून घ्यावे लागते. याला पर्याय म्हणून काही वास्तुकारांनी आणि अभियंत्यांनी भार वाहणारा सांगाडा उचलून बाहेर नेला. तो आवरणाच्या पलीकडे उघड्यावर उभा केला आणि आतली जमीन मोकळी सोडली. अशा इमारती, त्यांमागचे विचार आणि काळाने त्यांची घेतलेली परीक्षा, एवढा या अभ्यासक्षेत्राचा विस्तार आहे.

या विचाराचे सर्वांत स्वच्छ उदाहरण शिकागोत आहे. इनलँड स्टील या पोलाद कंपनीचे मुख्यालय १९५८ साली तिथल्या मन्रो स्ट्रीटवर पुरे झाले. आराखडा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेचा. वॉल्टर नेट्श आणि ब्रूस ग्रॅहम हे तिचे वास्तुकार. १९ मजल्यांच्या या इमारतीचे खांब तिच्या दोन लांब बाजूंना, काचेच्या आवरणाच्या बाहेर उभे आहेत, एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला सात. त्यांच्यामध्ये सुमारे १८ मीटर लांबीच्या तुळया आडव्या गेल्या आहेत. त्यामुळे सुमारे ५४ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद अशा अख्ख्या मजल्यावर एकही खांब नाही. लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहे आणि वातानुकूलनाची व्यवस्था यांनाही मजल्यात जागा दिलेली नाही. त्यांच्यासाठी शेजारी २५ मजल्यांचा, जवळजवळ बिनखिडक्यांचा वेगळा मनोरा आहे. दोन्हींवर स्टेनलेस स्टीलचे वेष्टन आहे, कारण पोलाद कंपनीला आपला माल शहराला दाखवायचा होता.

पुढे जे झाले ते आपल्या विषयासाठी जास्त मोलाचे आहे. १९९८ साली इनलँड स्टील ही कंपनी लक्ष्मी मित्तल यांच्या इस्पात इंटरनॅशनलने विकत घेतली आणि कालांतराने तिचे स्वतंत्र नावही पुसले गेले. त्याच वर्षी शिकागो शहराने इमारतीला वारसा वास्तूचा दर्जा दिला. जिच्यासाठी बांधली ती कंपनी राहिली नाही, तरी इमारत कार्यालये भाड्याने देत चालू आहे. नव्या भाडेकरूला मजला हवा तसा विभागता येतो. तुळई तोडण्याचा किंवा खांब हलवण्याचा प्रश्नच येत नाही. कार्यालयीन इमारत दीर्घायुषी होते ती अशी : मालक बदलतात, कामाच्या पद्धती बदलतात आणि सांगाडा त्यांच्या आड येत नाही.

शिकागोतच या कथेचा आधीचा अध्यायही पाहायला मिळतो. बर्नहॅम आणि रूट यांच्या मोनॅडनॉक इमारतीचा १८९१ साली पुरा झालेला उत्तरेकडचा भाग १६ मजल्यांचा आहे, आणि त्याचा भार बाहेरच्या विटांच्या भिंती वाहतात. तळाशी त्या भिंतींची जाडी १.८ मीटरच्या घरात जाते. भार बाहेर होता, पण तो भिंतीच्या रूपात होता. त्याची किंमत खिडक्यांना आणि तळमजल्याच्या जागेला मोजावी लागली. पोलादी सांगाड्याने भिंतीला या ओझ्यातून सोडवले. मग सांगाडा आत गेला आणि बाहेर हलके आवरण आले. विसाव्या शतकाच्या मध्याला काचेचे आवरण इतके सर्वमान्य झाले की सांगाडा दिसेनासाच झाला. न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीत मीस व्हॅन डर रोह यांनी दर्शनी बाजूवर ब्राँझच्या उभ्या पट्ट्या बसवल्या. त्या आकाराने पोलादी तुळईसारख्या आहेत, पण इमारतीचा भार वाहत नाहीत. खरा सांगाडा आगीपासून रक्षणासाठी काँक्रीटमध्ये गाडलेला आहे. सीग्रॅम आणि इनलँड या दोन्ही इमारती १९५८च्या. या विषयाच्या विद्यार्थ्याने त्या शेजारीशेजारी ठेवून अभ्यासाव्यात. एकीत सांगाड्याचे चित्र बाहेर लावले आहे, दुसरीत सांगाडाच बाहेर उभा आहे.

यानंतर फझलूर रहमान खान यांचे नाव घ्यावेच लागते. १९२९ साली ढाक्यात जन्मलेला हा अभियंता कलकत्त्याजवळच्या शिबपूरला आणि ढाक्याला शिकला, इलिनॉय विद्यापीठात गेला आणि शिकागोत स्थिरावला. उंच इमारतीला सर्वांत मोठा त्रास वाऱ्याचा असतो. खान यांनी दाखवून दिले की भार वाहणारे खांब बाहेरच्या कडेला आणून एकमेकांशी जखडले, तर अख्खी इमारत पोकळ नळीसारखी वाऱ्याला तोंड देते. सामग्री केंद्रापासून जितकी दूर, तितकी ती वाकण्याला जास्त विरोध करते, हे साधे तत्त्व त्यामागे आहे. ब्रूस ग्रॅहम यांच्याबरोबर त्यांनी रचलेल्या १०० मजल्यांच्या जॉन हॅनकॉक सेंटरवर बाहेरून मोठमोठे तिरपे दांडे फुल्यांसारखे दिसतात. ते शोभेचे नाहीत, ते वाऱ्याचा आणि वजनाचा भार वाटून घेतात. त्यामुळे ३४४ मीटर उंचीच्या या इमारतीला मजल्याच्या दर चौरस मीटरमागे सुमारे १४५ किलोच पोलाद लागले. तळाशी ती रुंद आहे, वर निमुळती. खालच्या रुंद मजल्यांवर वाहनतळ आणि कार्यालये, वरच्या अरुंद मजल्यांवर घरे. एकाच सांगाड्यात इतके वेगळे उपयोग सामावले, कारण त्याने आपले बहुतेक काम कडेवर केले.

इथे विद्यार्थ्याने एक भेद नीट समजून घ्यावा, नाहीतर पुढे गोंधळ होतो. ‘बाहेरचा सांगाडा’ म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात. पहिली, सांगाडा आवरणाच्याच पातळीत असतो आणि त्यावर धातूचे वेष्टन चढवलेले असते. हॅनकॉक या गटातली. दुसरी, सांगाडा आवरणाच्या बाहेर असतो पण त्याला आगरोधक थर आणि वर वेष्टन दिलेले असते. इनलँड या गटातली. तिसरी, सांगाड्याचे उघडे अंग ऊन, पाऊस, थंडी थेट झेलते. पिट्सबर्गचा यू. एस. स्टील टॉवर आणि लंडनचे एक्स्चेंज हाउस या तिसऱ्या गटात येतात. आतल्या मोकळेपणाचा लाभ तिन्हींना कमीअधिक सारखाच मिळतो. देखभालीचा हिशेब मात्र तिन्हींचा अगदी वेगळा असतो, आणि दीर्घायुष्याचा विचार करताना तोच निर्णायक ठरतो.

तो हिशेब तीन शत्रूंशी मांडावा लागतो. पहिला शत्रू तापमान. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या लाखात सुमारे १.२ भाग इतके प्रसरण पावते. १०० मीटर उंच खांब बाहेर उभा आहे आणि त्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर त्याची लांबी जवळजवळ ४८ मिलिमीटरने बदलते. आतला खांब वातानुकूलित हवेत असल्याने जागचा हलत नाही. मग वरच्या मजल्यांच्या जमिनी तिरक्या होऊ पाहतात, पार्टिशने तडकतात, दारे अडकतात. काँक्रीटच्या उंच इमारतींतील या प्रश्नावर खान यांनी मार्क फिंटेल यांच्याबरोबर १९६०च्या दशकात सविस्तर लेखन केले. ते आजही वाचण्याजोगे आहे. याच शत्रूचे दुसरे रूप म्हणजे बाहेरचा खांब आणि आतली जमीन यांना जोडणारी तुळई. ती आवरण भेदून जाते आणि उष्णतेला आत-बाहेर जायला वाट करून देते. थंड प्रदेशात तिथे दव धरते. आपल्याकडे तिच्यावाटे उन्हाची धग आत येते.

दुसरा शत्रू आग. सुमारे ५५० अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्याच्या जवळ येते, म्हणून आतल्या पोलादाला झाकावे लागते. सांगाडा बाहेर असला की वेगळे उपाय सुचतात. ६४ मजल्यांच्या यू. एस. स्टील टॉवरचे पोकळ खांब आवरणापासून जवळजवळ एक मीटर बाहेर आहेत. त्यांच्यात पाणी भरलेले आहे आणि ते गोठू नये म्हणून त्यात रसायन मिसळलेले आहे. आग लागली तर पाणी उष्णता वाहून नेते. लंडनच्या कॅनन स्ट्रीट स्थानकाजवळच्या बुश लेन हाउसमध्ये अरूप असोसिएट्सने १९७०च्या दशकात हीच युक्ती स्टेनलेस स्टीलच्या तिरप्या जाळीसाठी वापरली. १९९०च्या एक्स्चेंज हाउसची जागा लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाच्या रुळांवर होती, तिथे खांब उतरवायला वावच नव्हता. म्हणून दहा मजल्यांचे वजन ७८ मीटर अंतर पार करणाऱ्या कमानींनी पेलले. दर्शनी कमानी आवरणापासून इतक्या दूर आहेत की आतल्या आगीची आच त्यांना घातक ठरत नाही, हे हिशेबाने सिद्ध करून ते पोलाद उघडे ठेवता आले.

तिसरा शत्रू गंज, आणि तो सर्वांत चिवट. यू. एस. स्टील टॉवरला वापरलेले पोलाद आधी गंजते आणि मग तोच गंज घट्ट थर होऊन पुढची झीज थोपवतो. पण त्यासाठी आळीपाळीने ओले आणि कोरडे होणारे हवामान लागते. खाऱ्या, सतत दमट हवेत तो थर नीट धरत नाही, हे कोकणपट्टीत बांधणाऱ्याने पक्के लक्षात ठेवावे. काँक्रीटलाही सूट नाही. आपल्या आयएस ४५६ या मानकानुसार घरातल्या सौम्य वातावरणात सळईवर २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण पुरते. समुद्रकाठच्या हवेला उघड्या पडणाऱ्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर लागते. सांगाडा बाहेर नेण्याचा निर्णय म्हणजे हा जादा २५ मिलिमीटरचा आणि त्यामागच्या काटेकोर कामाचा निर्णय असतो.

मग एवढी किंमत मोजून सांगाडा बाहेर न्यायचाच कशासाठी? याचे सैद्धांतिक उत्तर युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या विचारवंतांनी दिले. डच वास्तुकार जॉन हाब्राकेन यांनी १९६१ साली घरांच्या संदर्भात मांडले की समाजाने दीर्घकाळ टिकणारा आधार बांधावा आणि आतली रचना राहणाऱ्याच्या हाती सोपवावी. इंग्रज वास्तुकार फ्रँक डफी यांनी कार्यालयांकडे पाहून इमारतीचे आयुर्मानानुसार थर पाडले : कवच सुमारे पन्नास वर्षांचे, नळ-तारा आणि वातानुकूलन पंधरा वर्षांचे, आतली मांडणी पाच-सात वर्षांची. अमेरिकी लेखक स्ट्युअर्ट ब्रँड यांनी १९९४ साली हाच विचार वाढवून सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला. त्याचे सार असे की वेगवेगळ्या वेगाने म्हातारे होणारे थर एकमेकांत गुंतवले, तर सर्वांत अल्पायुषी थर सर्वांत दीर्घायुषी थराला आपल्याबरोबर ओढून नेतो. नळ बदलण्यासाठी स्लॅब फोडावा लागतो तो अशा गुंत्यामुळेच. सांगाडा बाहेर नेणे ही थर सोडवण्याची एक ठळक रीत आहे.

लंडनची लॉइड्सची इमारत हा त्या विचाराचा सर्वांत धीट प्रयोग. विम्याचा हा बाजार आपल्या आधीच्या दोन इमारती वापरून त्यांत मावेनासा झाला होता, म्हणून पुढची कित्येक दशके पुरेल अशी जागा त्याला हवी होती. रिचर्ड रॉजर्स यांनी १९८६ साली पुऱ्या झालेल्या इमारतीत जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे, नळ सारे काही बाहेरच्या सहा मनोऱ्यांवर नेले आणि काँक्रीटचे गोल खांब दर्शनी ठेवले. मधल्या उंच चौकाभोवतीचे सज्जे गरजेप्रमाणे बाजारासाठी वापरता येतात. २०११ साली या इमारतीला पहिल्या श्रेणीच्या वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. बदलासाठी रचलेल्या इमारतीत आता बदल करायला परवानगी लागते. या पेचावर सोपे उत्तर नाही. माझे मत असे की जतन करायचे ते त्या इमारतीची बदलत राहण्याची क्षमता. तिचा प्रत्येक नळ जसाच्या तसा ठेवणे हे तिच्या मूळ विचाराच्या विरुद्ध जाईल.

आपल्या जवळचा धडा मुंबईत काळा घोड्यापाशी आहे. वॉटसन्स हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, १८६०च्या दशकात उभे राहिले. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी रचलेला त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन सुट्या भागांत बोटीने आला. इथे तो जोडला गेला आणि त्याचे खांब, तुळया रस्त्यावरून दिसतील असे उघडे राहिले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे याच हॉटेलात दाखवली गेली. पुढे हॉटेल बंद पडले, त्या जागेत खोल्या पाडल्या गेल्या, घरे आली, आणि न्यायालये शेजारीच असल्याने वकिलांची लहान लहान कार्यालये आली. सांगाड्याने हे सारे सामावून घेतले. पण खाऱ्या हवेत त्याची नियमित निगा राखली गेली नाही. २००५ साली बाल्कन्यांचा एक भाग कोसळला. जागतिक स्मारक निधीच्या २००६ सालच्या धोक्यातील वास्तूंच्या यादीतही या इमारतीचे नाव होते. २०१९ साली रहिवाशांना बाहेर पडावे लागले आणि ती पाडावी की वाचवावी हा वाद न्यायालयापर्यंत गेला. जुळवून घेण्याची क्षमता भरपूर असूनही निगेअभावी इमारत कशी संकटात येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने बाहेरच्या सांगाड्याला जादूचा उपाय समजू नये. मोनॅडनॉकची जाड भिंतींची इमारत आजही कार्यालये म्हणून वापरात आहे, कारण ती अरुंद आहे आणि तिच्या बहुतेक खोल्यांना उजेड मिळतो. कॅन्सस सिटीतील बीएमए टॉवर १९६३ साली विमा कंपनीसाठी बांधला गेला, त्याचा सांगाडाही बाहेर आणि खिडक्या आत घेतलेल्या. आज तिथे कुटुंबे राहतात. दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते : मजल्याची खिडकीपासून आतपर्यंतची बेताची खोली, पुरेशी उंची, उजेड आणि सुटे थर यांची साथ मिळाली तरच सांगाड्याची जागा फळाला येते. उष्ण प्रदेशातही वाव आहे. दुबईतील ओ-१४ या इमारतीचे भोके पाडलेले काँक्रीटचे कवच भारही वाहते आणि सावलीही धरते. कवच आणि काच यांच्यात सुमारे एक मीटरची फट आहे, तिच्यातून तापलेली हवा वर निघून जाते. आपल्याकडच्या वास्तुकारांनी हा धागा पुढे न्यायला हवा, कारण सावली देणारा सांगाडा ही आपल्या हवामानाचीच मागणी आहे.

अभ्यासाची सुरुवात कुठूनही करता येईल. समोरच्या इमारतीला पाच प्रश्न विचारावेत. वजन जमिनीपर्यंत कुठल्या वाटेने उतरते? खिडकीपासून मजल्याचा सर्वांत आतला कोपरा किती दूर आहे? स्लॅबला हात न लावता नळ आणि तारा बदलता येतील का? खांबाच्या प्रत्येक बाजूपर्यंत माणूस पोहोचून तो तपासू शकतो का? आणि मालक बदलला तर दुसऱ्या कुणाला ही जागा वापरता येईल का? मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींचे संरचनात्मक परीक्षण कायद्याने बंधनकारक आहे. उघड्या सांगाड्याचा एक मोठा गुण इथे कळतो : त्याची भेग, त्याचा गंज डोळ्यांना दिसतो. फॉल्स सीलिंगमागे लपलेली तुळई कुणाला काही सांगत नाही.

सिमेंट आणि पोलाद तयार करताना वातावरणात जाणारा कार्बन पाहता, चांगला सांगाडा पाडून नवा बांधण्याची चैन आता परवडणारी नाही. येत्या काळात वास्तुकाराचे पुष्कळसे काम उभ्या इमारतींना नवे आयुष्य देण्याचे असणार आहे. त्यासाठी इमारती वाचता येणारे लोक लागतील. मराठीत या विषयावर लेखन फार थोडे आहे आणि आपल्या शहरांतल्या कार्यालयीन इमारतींच्या नोंदी त्याहून थोड्या. वाचकाने किमान आपल्या रोजच्या इमारतीची एक नोंद करावी : तिचे वय, तिचे खांब, तिच्यात झालेले बदल आणि तिची झालेली निगा. अशा नोंदी जमत गेल्या तर या अभ्यासाचा पाया आपल्या भाषेतच घातला जाईल. त्या कामात वाचकाचे मनापासून स्वागत आहे.